मांडीवरचे बाळ : कार सीट विमानात कशी चढली आणि सक्तीची का झाली नाही

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या लहान मुलांच्या कार सीटच्या बाजूला किंवा पाठीमागे एक लेबल चिकटवलेले असते. त्यावर बहुतेक वेळा लाल अक्षरांत एक ओळ छापलेली आढळते : ही सीट मोटारवाहन आणि विमान या दोन्हींत वापरण्यास प्रमाणित आहे. विमानात बाळाची सीट घेऊन चढणाऱ्या पालकांना कर्मचारी प्रथम ही ओळ दाखवायला सांगतात. ओळ असेल तर सीट आत जाते, नसेल तर ती सामानाच्या कप्प्यात जाते आणि बाळ आईच्या मांडीवर.

ही ओळ तेथे कशी आली, याची कथा लांबलचक आहे. तिच्यात एक बालरोगतज्ज्ञ आहे, मक्याच्या शेतात उलटे पडलेले विमान आहे, एक विमानसेविका आहे आणि सरकारी कचेरीतील एक गणित आहे. त्या गणितामुळेच ही ओळ आजही केवळ परवानगी देते, सक्ती करीत नाही. या धाग्याचा विषय तोच.

प्रारंभ मोटारीपासून करावा लागतो. १९३० च्या दशकात मुलांसाठी मोटारीत बसवायच्या खुर्च्या मिळू लागल्या, पण त्यांचा सुरक्षिततेशी संबंध नव्हता. मूल उंचावर बसावे, त्याला खिडकीबाहेर दिसावे आणि त्याने गाडीभर धुडगूस घालू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढच्या आसनाच्या पाठीला आकड्यांनी अडकवलेली ती खुर्ची धडक बसताच मुलासकट पुढे फेकली जाई. अपघातात मुलाचे रक्षण करणारी सीट ही कल्पना १९६० च्या दशकातील आहे. ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी पट्ट्यांनी बांधता येणारी सीट तयार केली. त्याच सुमारास अमेरिकेत डेन्व्हरच्या लेनर्ड रिव्हकिन यांनी लोखंडी चौकटीची सीट बनवली. स्वीडनचे डॉक्टर बर्टिल आल्डमन यांना अंतराळवीरांच्या आसनांवरून वेगळीच गोष्ट सुचली : मूल पाठमोरे बसवले, तर धडकेचा भार त्याच्या नाजूक मानेवर न येता संपूर्ण पाठीवर पसरतो. आजही तान्ह्या बाळाची सीट उलट्या दिशेने बसवतात, त्यामागे हाच विचार आहे.

अमेरिकन सरकारने १९७१ साली कार सीटसाठी पहिले मानक लागू केले. ते फारच सौम्य होते. प्रत्यक्ष धडकेची चाचणी त्यात आली ती १९८१ साली. दरम्यान टेनेसी राज्यात एक वेगळी लढाई चालू होती. तिच्याकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण पुढे विमानाच्या बाबतीत जे घडले त्याची तालीमच जणू तेथे झाली.

रॉबर्ट सँडर्स हे टेनेसीतील बालरोगतज्ज्ञ. मोटार अपघातात दगावणारी मुले पाहून त्यांनी राज्याच्या विधिमंडळापुढे कार सीट सक्तीची करण्याची मागणी धरली. विरोध तीव्र होता. मुलाला कसे न्यायचे हे सरकारने का सांगावे, गरिबांनी सीट कोठून आणावी, असे आक्षेप होते. अखेर १९७७ साली कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. अशी सक्ती करणारे टेनेसी हे अमेरिकेतील पहिले राज्य. पण मंजुरीसाठी एक तडजोड स्वीकारावी लागली होती : कडेवर किंवा मांडीवर धरलेल्या बाळाला सूट. आईच्या कुशीतले मूल सुरक्षितच असणार, ही त्यामागील भावना.

भावना स्वाभाविक होती, पण भौतिकशास्त्र तिच्या विरुद्ध होते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून थांबते, तेव्हा आतील प्रत्येक वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. हातातील बाळ निसटते. आईने पट्टा बांधलेला नसेल, तर तिचेच शरीर बाळावर आदळते. डॅशबोर्ड आणि आई यांच्यामध्ये बाळ चिरडले जाते. म्हणून सुधारणावाद्यांनी या सवलतीला ‘मुले चिरडणारे कलम’ असे कठोर नाव दिले. १९८१ साली टेनेसीने ते कलम रद्द केले. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कार सीटचा कायदा झाला होता. मांडीवरचे बाळ मोटारीतून कायद्याने उतरले.

विमानातून ते उतरले नाही.

विमानात दोन वर्षांखालील मुलाला प्रौढाच्या मांडीवर बसू देण्याची मुभा १९५३ सालची आहे. त्या काळी मोटारीत पट्टेही क्वचितच असत. पुढे मोटारीचे नियम बदलत गेले, विमानातील आसनेही बदलली. १९८८ साली अमेरिकेने नव्या प्रकारच्या विमानांतील आसनांना १६ पट गुरुत्वबलाचा धक्का सहन झाला पाहिजे, असा दंडक घातला. म्हणजे अशा धक्क्यात दहा किलोचे बाळ क्षणभर १६० किलोचे होते. एवढे वजन कोणतीही आई हातांनी धरू शकत नाही. आसन टिकेल, पट्टा टिकेल, आई टिकेल. बाळाला धरून ठेवणारे मात्र काहीच नसेल, अशी ही रचना होती. मांडीवरच्या प्रवाशाचा विचार तिच्यात नव्हता.

दुसरी अडचण कारभाराची होती. मोटारीतील सीटचे मानक एका सरकारी खात्याचे आणि विमानातील सीटचा अधिकार दुसऱ्याचे, म्हणजे संघीय विमान वाहतूक प्रशासनाचे. हेच ते एफएए. १९८२ साली एफएएने विमानातील सीटसाठी स्वतःचे निराळे प्रमाण काढले. त्यामुळे रस्त्यावर कायदेशीर असलेली सीट विमानाच्या दारात बेकायदेशीर ठरू लागली. नोकरशाहीचा हा घोळ अखेर दोन्ही खात्यांनी एकत्र बसून सोडवला. मोटारीच्या मानकातच विमानासाठी एक जादा चाचणी घालण्यात आली. विमानाच्या आसनावर कमरेच्या पट्ट्याने कार सीट बांधायची, तिच्यात बाहुली बसवायची आणि सगळे उलटे करायचे. बाहुली पडता कामा नये, सीट सुटता कामा नये. हवेतील जबर हेलकाव्यात बाळ छताकडे उडू नये, हा उद्देश. ही चाचणी उत्तीर्ण होणाऱ्या सीटवर ती लाल ओळ छापण्याचा नियम १९८५ च्या फेब्रुवारीअखेरपासून पक्का झाला.

अशा रीतीने कार सीट विमानात चढली. चार वर्षांनी, १९ जुलै १९८९ रोजी, युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या विमानात मांडीवर बसलेली चार मुले होती.

विमान डीसी-१० जातीचे, डेन्व्हरहून शिकागोला निघालेले. आत २९६ जण. त्या दिवशी कंपनीची मुलांसाठी सवलत असल्याने त्यांत मुलांची संख्या मोठी होती, ५२. ३७ हजार फुटांवर असताना शेपटीतील इंजिनाची पंख्याची चकती फुटली. तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या तोडल्या. विमानाचे सुकाणू, पंखांवरील फळ्या, सगळे निकामी झाले. कॅप्टन अल हेन्स, त्यांचे सहकारी आणि प्रवासी म्हणून आलेले प्रशिक्षक वैमानिक डेनिस फिच यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करीत ते विमान सुमारे ४५ मिनिटे हवेत ठेवले आणि आयोवा राज्यातील सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. विमानविद्येच्या इतिहासात हे कौशल्य पुष्कळदा सांगितले गेले आहे. येथे लक्ष द्यायचे ते पडद्यामागील केबिनकडे.

मुख्य विमानसेविका होत्या जॅन ब्राऊन. त्यांच्यापाशी तयारीसाठी वेळ होता, प्रशिक्षण होते आणि कंपनीची नियमपुस्तिका होती. आघात होणार असे निश्चित झाल्यावर मांडीवरच्या बाळांचे काय करायचे, हे त्या पुस्तिकेत लिहिले होते : बाळाला जमिनीवर, आईच्या पायांपाशी ठेवायचे, भोवती उशा-पांघरुणे लावायची आणि वाकून हातांनी दाबून धरायचे. ब्राऊन यांनी ध्वनिक्षेपकावरून तशी सूचना दिली. ती देतानाच आपण काय सांगत आहोत याची जाणीव त्यांना झाली, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. प्रत्येक पिशवी, प्रत्येक ट्रे, कॉफीचे प्रत्येक भांडे बंदिस्त करण्याचा नियम असलेल्या त्या केबिनमध्ये चार मुले तेवढी मोकळी होती.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालात या चौघांची नोंद थंड, कोरड्या भाषेत आहे, आणि म्हणूनच ती वाचवत नाही. तिघे दोन वर्षांखालील होते. चौथे मूल २६ महिन्यांचे, म्हणजे नियमाने ज्याला स्वतंत्र आसन हवे होते असे. एका आईचे मूल आघाताबरोबर हवेत उडाले, पण तिने ते पकडले आणि खाली दाबून धरले. दोन आयांच्या हातून मुले निसटली. विमान थांबल्यावर ती त्यांना सापडली नाहीत. त्यांपैकी एक तान्ही मुलगी होती. धुराने भरलेल्या केबिनमध्ये तिचे रडणे ऐकून एक प्रवासी परत आत शिरला आणि त्याने तिला बाहेर काढले. दुसरा मुलगा २३ महिन्यांचा होता. त्याची आई उतरण्यापूर्वी पुनःपुन्हा विचारीत होती की जमिनीवर मूल असताना आपण नेमके कसे वाकायचे. तो धुराने गुदमरून गेला.

विमानाचा मधला भाग धावपट्टीशेजारच्या मक्याच्या शेतात उलटा होऊन थांबला होता. कार सीटच्या चाचणीत बाहुली उलटी करून पाहतात ती ह्याच प्रसंगासाठी, असे कुणाला वाटावे इतके ते साम्य विलक्षण आहे. बाहेर पडलेल्या ब्राऊन यांना जळत्या विमानाकडे परत धावणारी ती आई भेटली. ब्राऊन यांनी तिला अडवले. त्या आईने त्यांना सांगितले की तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी बाळाला खाली ठेवले, आणि आता ते नाही.

त्या अपघातात ११२ जणांचा मृत्यू झाला, १८४ जण वाचले. यंत्रणा इतकी कोलमडलेली असताना एवढे लोक वाचणे हाच चमत्कार मानला गेला. २३ महिन्यांचा एक मुलगा त्या आकड्यांत सहज हरवून गेला असता. तो हरवला नाही याचे श्रेय बऱ्याच अंशी जॅन ब्राऊन यांना जाते. मांडीवरच्या बाळाची पद्धत बंद व्हावी, यासाठी त्यांनी पुढील काही दशके सुरक्षा मंडळ, एफएए आणि अमेरिकन काँग्रेस यांच्यापुढे साक्षी दिल्या. नियमपुस्तिकेप्रमाणे वागलेल्या व्यक्तीनेच त्या नियमाविरुद्ध उभे राहावे, हे इतिहासात फार वेळा घडत नाही.

सुरक्षा मंडळ तत्काळ हलले. मे १९९० मध्ये त्याने एफएएला शिफारस केली की उड्डाण, अवतरण आणि हेलकाव्यांच्या वेळी प्रत्येक प्रवासी, तान्ह्या बाळासह, बांधलेला असलाच पाहिजे. मात्र हे मंडळ फक्त चौकशी करते आणि शिफारस करते. नियम करण्याचा अधिकार एफएएचा. अमेरिकेतील ही विभागणी लक्षात ठेवली नाही, तर पुढची तीन दशके समजणार नाहीत. एक संस्था पुनःपुन्हा सांगत राहिली, दुसरी पुनःपुन्हा नाकारीत राहिली. दोघींचेही हेतू स्वच्छ होते.

एफएएने १९९२ साली अर्धे पाऊल टाकले. आई-वडिलांनी बाळासाठी तिकीट काढले असेल आणि मान्यताप्राप्त सीट आणली असेल, तर ती वापरण्यास विमान कंपनी मनाई करू शकणार नाही, असा नियम झाला. हा हक्क मोलाचा होता. मात्र तिकीट काढण्याची ऐपत असलेल्यांचाच तो हक्क होता.

२ जुलै १९९४ रोजी यूएसएअरचे १०१६ क्रमांकाचे डीसी-९ विमान शार्लट येथे वादळी पावसात उतरता उतरता कोसळले. ५७ पैकी ३७ जण मरण पावले. मृतांत नऊ महिन्यांची एक मुलगी होती. आघाताच्या क्षणी आईला तिला धरून ठेवता आले नव्हते. ती नीट बांधलेली असती, तर बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष सुरक्षा मंडळाने काढला. शिफारस पुन्हा एकदा करण्यात आली.

आता त्या गणिताकडे वळू. एफएएने १९९५ साली काँग्रेसला एक अहवाल सादर केला. त्याचा युक्तिवाद असा : कार सीट सक्तीची केली म्हणजे बाळाचेही तिकीट काढावे लागेल. प्रवास महाग झाला की काही कुटुंबे विमान सोडून मोटारीने निघतील. मोटार विमानापेक्षा कितीतरी धोकादायक. तेव्हा दहा वर्षांत विमानात सुमारे ५ बाळे वाचतील, पण रस्त्यावर ८२ अधिक जीव जातील. सक्ती न करणे हेच अधिक सुरक्षित, असा निष्कर्ष.

हा युक्तिवाद प्रथम ऐकताना निर्दय वाटतो. तो तसा नाही. न दिसणाऱ्या मृत्यूंचीही मोजदाद करणारे ते एक प्रामाणिक तर्कशास्त्र आहे. सू सिटीचा मुलगा सर्वांना दिसला. तिकीट परवडले नाही म्हणून रात्री महामार्गावर गाडी चालवणाऱ्या कुटुंबाचा अपघात स्थानिक वृत्तपत्राच्या आतल्या पानावर छापला जातो आणि त्याचा संबंध विमानाच्या नियमाशी कुणी जोडत नाही. २००३ साली थॉमस न्यूमन आणि त्यांच्या सहकारी बालरोगतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे हिशेब मांडला, तेव्हाही उत्तर त्याच दिशेचे निघाले. सक्तीमुळे अमेरिकेत वर्षाला सरासरी ०.४ बालमृत्यू टळतील. साधारण ५ ते १० टक्के कुटुंबे जरी मोटारीकडे वळली, तरी हा लाभ पुसला जाऊन एकूण मृत्यू वाढतील. दुसरीकडे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्याच अकादमीने २००१ साली सक्तीला पाठिंबा दिला होता. एकाच व्यवसायातील माणसे एकाच प्रश्नाकडे पाहून दोन निष्कर्षांवर आली, ही बाब नोंदवण्याजोगी आहे.

तरीही या गणितात एक कच्चा दुवा आहे, आणि टीकाकारांनी तो नेमका हेरला. किती कुटुंबे मोटारीकडे वळतील हा आकडा निरीक्षणातून आलेला नाही, तो गृहीत धरलेला आहे. सारे उत्तर त्या एका गृहीतकावर उभे. बाळाचे तिकीट अर्ध्या किमतीत दिले तर? रिकाम्या आसनावर सीट विनामूल्य ठेवू दिली तर? समुद्र ओलांडून जाणारे कुटुंब कोणत्या मोटारीने जाणार? सुरक्षा मंडळाने २००४ साली याची तपासणी केली. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानप्रवास एकाएकी घटला होता, म्हणजे इतिहासाने आपण होऊन एक प्रयोगच घडवला होता. त्या काळातील आकडे पाहून मंडळाने म्हटले की विमानप्रवासातील घट आणि रस्त्यावरील बालमृत्यू यांचा स्पष्ट संबंध दिसत नाही. गंमत अशी की त्याच काळाचा अभ्यास करून जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांनी २००६ साली दाखवले की विमान टाळून मोटारीने गेल्यामुळे वर्षभरात सुमारे १,५०० अमेरिकन अधिक मेले. ते सर्व वयोगटांविषयी बोलत होते, मंडळ केवळ मुलांविषयी. पुरावा तोच, प्रश्न निराळा, उत्तरही निराळे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

शिवाय हा तर्क फक्त बाळांनाच का लावला गेला, हेही विचारायला हवे. विमानातील प्रत्येक सुरक्षा उपकरणाचा खर्च अखेर तिकिटावरच पडतो. १६ पट गुरुत्वबल सोसणारी आसने महाग होती, आणि ती आणताना प्रवासी मोटारीकडे वळतील अशी भीती एवढ्या ठामपणे आड आली नाही. फरक असा की आसनाची किंमत सर्व प्रवाशांत वाटली जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. बाळाच्या आसनाची किंमत एकाच कुटुंबाच्या पावतीवर उमटते. धोरणाची बाजू कोणतीही घ्यावी, पण खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न या सगळ्या वादाच्या तळाशी आहे, आणि सरकारी अहवालांत तो क्वचितच मोकळेपणाने विचारला गेला.

राजकीय वारे मधूनमधून बदलले. १९९७ साली राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने प्रत्येक बाळाला बांधण्याची शिफारस केली. १९९९ च्या अखेरीस एफएएच्या प्रमुख जेन गार्व्ही यांनी तसा नियम आणण्याची घोषणाही केली. नियम आला नाही. २५ ऑगस्ट २००५ रोजी एफएएने अधिकृतपणे जाहीर केले की सक्ती होणार नाही. कारण तेच, रस्त्यावरील मृत्यू. पालकांनी सीट वापरावी असा आग्रह मात्र त्याच संस्थेने कायम ठेवला, आणि आजही तिच्या माहितीपत्रकात विमानातील बाळाची सर्वांत सुरक्षित जागा मांडी नसून मान्यताप्राप्त सीट आहे, असेच सांगितलेले असते. वापरा, पण बंधन नाही.

या दरम्यान एक उपयुक्त काम प्रयोगशाळेत झाले. १९९४ साली एफएएच्या ओक्लाहोमा सिटी येथील संस्थेने बाजारातील निरनिराळ्या सीट खऱ्या विमान-आसनांवर बांधून आदळवल्या. निष्पन्न झाले ते असे की मोटारीत उत्तम ठरणारी प्रत्येक वस्तू विमानात उत्तम नसते. मोटारीत खांद्यावरून येणारा पट्टा असतो, विमानात केवळ कमरेचा. त्यामुळे मुलाला उंच करून खांद्याचा पट्टा नीट बसवणारे बूस्टर विमानात निरुपयोगी. विमानाच्या आसनाची पाठ पुढे दुमडते आणि मागच्या प्रवाशाच्या धक्क्याने मुलावर येते. सर्वांत वाईट निकाल लागला तो प्रौढाच्या पट्ट्यात ओवून बाळाच्या पोटाभोवती बांधायच्या छोट्या पट्ट्याचा. धक्क्यात प्रौढ पुढे दुमडतो आणि बाळ त्याच्या व पुढच्या आसनाच्या मध्ये सापडते. पट्टा बाळाच्या मऊ पोटात रुततो. टेनेसीतले ते जुने चित्र येथे पुन्हा उभे राहिले. १९९६ साली अमेरिकेने उड्डाण व अवतरणाच्या वेळी बूस्टर, जाकिटासारखे पट्टे आणि हा पोटपट्टा यांच्यावर बंदी घातली.

युरोपने नेमका उलटा मार्ग धरला. तेथे मांडीवरच्या बाळाला तोच पोटपट्टा बांधतात. त्यांचा विचार असा की मोठ्या अपघातात तो फारसा उपयोगी नसला, तरी हेलकाव्यात बाळ छताला आपटण्यापासून वाचते. भारतातील विमानांतही दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसते आणि कर्मचारी आईच्या हाती असाच जादा पट्टा आणून देतात. मुंबईहून अटलांटिकपार निघालेले कुटुंब एका विमानात बाळाला पोटपट्ट्याने बांधते आणि पुढच्या अमेरिकन विमानात चढल्यावर तोच पट्टा निषिद्ध असल्याचे ऐकते, याचे कारण हे. भारतात रस्त्यावरचा कायदाही उशिरा आला. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा योग्य सीट नसल्यास एक हजार रुपये दंड ठेवला.

पट्टा नको, बूस्टर नको, आणि जड कार सीट उचलून विमानतळभर हिंडणे नको, अशा पालकांसाठी २००६ साली एफएएने एका नव्या साधनाला मान्यता दिली. विमानाच्या आसनाच्या पाठीला वेढा घालून मुलाच्या दोन्ही खांद्यांवरून येणारा, सुमारे १० ते २० किलो वजनाच्या मुलांसाठीचा तो पट्टा. पिशवीत मावतो. पण बसण्याजोग्या मुलासाठीच तो आहे. तान्ह्या बाळाला कार सीटच लागते.

आणि ती सीट विमानात न नेता सामानात दिली तर? सीट म्हणजे आघात शोषून घेण्यासाठी बनवलेले कवच. सामानाच्या पट्ट्यावरून आदळत, बॅगांच्या ढिगाखाली दबत ती आली, तर प्लॅस्टिकला गेलेला बारीक तडा बाहेरून दिसत नाही. विमानात तिची जागा नाकारली, तर उतरल्यावर मोटारीतही तिच्यावर विसंबता येईल याची खात्री उरत नाही. म्हणून जाणकार सांगतात की आत न्यायची नसेल तर निदान दारापर्यंत न्यावी आणि तेथे सोपवावी, म्हणजे हाताळणी कमी होते. आत नेली तर ती खिडकीकडेच्या आसनावर बसवतात, कारण संकटकाळी इतरांची वाट अडता कामा नये. आपत्कालीन दाराच्या ओळीत तिला परवानगी नसते. मोटारीत २००२ नंतर आलेले सीट अडकवण्याचे कडे विमानात नसते, म्हणून सीट कमरेच्या पट्ट्यानेच बांधावी लागते. मोटारीच्या मानकात ही क्षमता मुद्दाम जपलेली आहे.

५ जानेवारी २०२४ रोजी पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या १२८२ क्रमांकाच्या बोइंग विमानाचा दारबंद केलेला एक भाग सुमारे १६ हजार फुटांवर उखडून बाहेर गेला. २६ व्या ओळीत भिंतीला मोठे भगदाड पडले. हवेच्या ओढीने पुढच्या ओळीतील एका मुलाचा शर्ट अंगावरून निघून गेला. भगदाडालगतची दोन आसने योगायोगाने रिकामी होती. आत १७७ जण होते आणि सर्व वाचले. त्यांत तीन बाळे मांडीवर बसलेली होती. सुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमंडी यांनी त्यानंतर पालकांना आवाहन केले की दोन वर्षांखालील मुलासाठीही स्वतंत्र आसन घ्या आणि सीट सोबत न्या. त्यांच्या मंडळाने हे पहिल्यांदा सांगितले त्याला तोवर चौतीस वर्षे होत आली होती. एफएएच्या नियमात दुसरा वाढदिवस न झालेल्या मुलाला प्रौढाने धरून बसण्याची मुभा अजून तशीच आहे.